साथीचा माग कोण काढतो?

पुढची साथ येईल तेव्हा रोग्याच्या संपर्कातील माणसे हुडकण्यासाठी दारोदार फिरणाऱ्यांची गरजच उरणार नाही, प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल हे काम अचूक, तत्काळ आणि जवळजवळ विनामूल्य करील, आणि म्हणून शासनाने आरोग्यसेवकांची भरती करीत बसण्यापेक्षा एखादे चांगले ॲप आताच सिद्ध करून ठेवावे, असे प्रतिपादन कोरोनाच्या दिवसांपासून परिसंवादांतून आणि नियोजनाच्या बैठकांतून इतक्या वेळा झाले आहे की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा प्राप्त होऊ लागली आहे. प्रतिपादन करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. साथीत माणसे किडामुंगीसारखी मेली हे त्यांनीही पाहिले आहे आणि पुन्हा तसे होऊ नये ही त्यांचीही कळकळ आहे. परंतु साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या, सोळा तालुक्यांत विभागलेल्या आणि २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार लोकवस्ती नोंदलेल्या यवतमाळ जिल्ह्यासारख्या मुलखाकडे पाहून हा सिद्धान्त रचलेला नाही, हे उघड आहे. आणि तो येथे लादला गेला तर त्याची किंमत कोलामांच्या पोडांवर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर राहणाऱ्यांना मोजावी लागेल, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे अवश्य वाटते.

या प्रतिपादनाचा पहिला आधार असा की, मनुष्याची स्मृती दगा देते आणि यंत्राची देत नाही. तापाने फणफणलेल्या रोग्याला गेल्या चौदा दिवसांत आपण कोणाजवळ किती वेळ बसलो हे आठवत नाही, पण त्याच्या मोबाइलातील ब्लूटूथने शेजारच्या मोबाइलाची खूण टिपून ठेवलेली असते. तत्त्वतः हे खरे आहे. मात्र ब्लूटूथ माणसाला ओळखत नाही, दुसऱ्या ब्लूटूथला ओळखते. म्हणजे भेटलेल्या दोघांकडेही स्मार्टफोन हवा, दोघांच्याही फोनवर तेच ॲप हवे आणि दोघांनीही ते चालू ठेवलेले हवे. शंभरांपैकी तिसांकडे ॲप असेल, तर यदृच्छया भेटलेल्या दोघांकडेही ते असण्याचा संभव तीस टक्क्यांचा राहत नाही, नऊ टक्क्यांवर उतरतो. केंद्र शासनाचे 'आरोग्य सेतू' हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी आले आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत दहा कोटी लोकांनी ते उतरवून घेतले, याचा त्या वेळी मोठा गौरव झाला, आणि एवढ्या अल्प अवधीत एवढा प्रसार होणे ही गोष्ट खरोखरच असामान्य होती. तथापि सुमारे एकशे पस्तीस कोटींच्या देशात दहा कोटी म्हणजे शंभरांत सात-आठ, आणि वरच्याच हिशेबाने जाऊ तर परस्परांना भेटलेल्या दोनशे जोड्यांपैकी जेमतेम एका जोडीत दोघांकडेही ते सापडणार. पुढे उतरवून घेणाऱ्यांची संख्या वाढली. शिवाय मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत, जेथे सगळेच स्मार्टफोनधारी, तेथे हे प्रमाण पुष्कळच अधिक असणार, हेही मान्य. पण याचा अर्थ एवढाच की, हे साधन ज्यांच्यापाशी आधीच डॉक्टर, दूरध्वनी आणि घरी बसून करण्याजोगे काम आहे त्यांच्यासाठी अधिक चालते आणि झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडे जावे तसतसे आंधळे होत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ग्रामीण स्त्रियांपैकी इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे एक चतुर्थांश निघाल्या. आमच्या जिल्ह्यात कापूस वेचणारे हात प्रामुख्याने स्त्रियांचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

परंतु उद्या प्रत्येक वेचणारीच्या हाती स्मार्टफोन आला तरी आक्षेप संपत नाही, कारण मूळ प्रश्न यंत्राच्या प्रसाराचा नाही, संपर्क म्हणजे काय याच्या आकलनाचा आहे. ब्लूटूथला अंतर आणि कालावधी एवढ्या दोनच गोष्टी कळतात. दोन घरांमधील कुडाच्या भिंतीपलीकडे झोपलेला शेजारी त्याला जवळचा वाटतो. आणि ज्या काळीपिवळीत दहाची जागा असताना सोळा बायका दाटीवाटीने बसून पांढरकवड्याच्या बाजूने वेचणीला गेल्या, त्या सोळाजणींचे फोन घरी नवऱ्याजवळ किंवा मुलाच्या अभ्यासासाठी राहिले असतील तर तो सारा प्रवास त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. तेरवीच्या पंगतीला कोण वाढत होते, मयताच्या अंगाला हात कोणी लावला, आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी रात्रभर कोण बसले, बाळंतिणीला भेटायला तेलंगणातल्या आदिलाबादकडून कोणती आत्या येऊन गेली, या गोष्टी विचारल्यावाचून कळत नाहीत, आणि विचारणाऱ्यावर विश्वास असल्यावाचून कोणी सांगत नाही. गावची आशाताई हे विचारू शकते, कारण त्या घरातील गेल्या दोन बाळंतपणांना ती हजर होती. कोणाच्या घरी कोणते बोलावे आणि कोणते बोलू नये हे तिला ठाऊक असते. आणि पुष्कळदा रोग्याने न सांगितलेले नावही तिला आधीच माहीत असते. ही माहिती कोणत्याही यंत्राच्या स्मृतीत साठवता येते, परंतु तेथे ती उत्पन्न होत नाही.

येथे यवतमाळचाच दाखला देतो. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले दोन कोरोनारुग्ण निश्चित झाले, ते दुबईच्या सहलीहून परतलेल्या चाळीस जणांच्या समूहातले होते. त्या समूहात यवतमाळचेही प्रवासी होते, आणि त्यांच्यापैकी काहींना लागण झाल्याचे त्याच महिन्यात निष्पन्न होऊन वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेव्हा आरोग्य सेतूचा जन्मही झाला नव्हता. सहप्रवाशांची यादी, दूरध्वनी आणि घरापर्यंत जाणारी माणसे एवढ्याच सामग्रीवर त्या चाळीस जणांचा माग राज्यभर काढला गेला. यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: चाळीस जणांच्या यादीचे काम कोणीही करील, रुग्ण हजारांनी वाढले की माणसे अपुरी पडतात, आणि यंत्राची खरी उपयुक्तता तेथेच सुरू होते. हे उत्तर वजनदार आहे, म्हणून ते घटनांच्या कसोटीवर घासून पाहू.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली आणि निर्बंध पुन्हा जारी करावे लागले. पुढे साऱ्या देशाला होरपळून काढणाऱ्या दुसऱ्या लाटेची ती पहिली चाहूल होती. संख्या वाढली की यंत्र कामाला येते हा सिद्धान्त खरा असता, तर तो सिद्ध करण्याची याहून योग्य वेळ नव्हती: ॲप येऊन दहा महिने लोटले होते, ते कोट्यवधी फोनांवर होते, आणि १ मे २०२० च्या केंद्रीय आदेशाने तर ते नोकरदारांना काही काळ सक्तीचेही केले होते. प्रत्यक्षात काय घडले? मार्च २०२१ मध्ये केंद्रीय पथक महाराष्ट्रात पाहणी करून गेले आणि केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्याच्या मुख्य सचिवांना स्पष्ट शब्दांत कळवले की रुग्णांचा माग काढणे, तपासणी, विलगीकरण आणि संपर्कातील लोकांना अलग ठेवणे यांसाठी सक्रिय प्रयत्न फारच मर्यादित आहेत. म्हणजे यंत्र जागेवर होते आणि माग निघत नव्हता. माग काढणारे पहिल्या लाटेनंतर इतर कामांना जुंपले गेले होते, थकले होते, आणि सार्वजनिक सावधगिरी सैल झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्या ॲपमधील संपर्क-शोधाची सोय बंद केली असून तिच्याद्वारे जमलेली माहिती नष्ट केली आहे, असे शासनाने लोकसभेत सांगितले. एवढ्या मोठ्या प्रयोगातून किती संपर्क उजेडात आले, त्यांपैकी किती बाधित निघाले, कोणत्या जिल्ह्यात त्याचा उपयोग झाला आणि कोणत्या जिल्ह्यात झाला नाही, याचा जिल्हावार ताळेबंद लोकांपुढे मांडल्यावाचून पुढच्या ॲपची मागणी करणे हे शास्त्रीय वृत्तीशी सुसंगत नाही.

प्रामाणिकपणासाठी विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ पुरावाही सांगितला पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समधील ॲपचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे लोकसंख्येच्या सुमारे २८ टक्के लोक ते नियमित वापरीत होते, आणि २०२० च्या अखेरच्या काही महिन्यांत त्यामुळे दोन लाख ८४ हजार ते पाच लाख ९४ हजार रुग्ण टळले असावेत असा अंदाज त्या संशोधकांनी वर्तवला. हा अंदाज मी नाकारीत नाही. पण त्या ॲपच्या पाठीमागे काय होते तेही पाहावे: विनामूल्य तपासणी होती, तपासणीचा निकाल थेट ॲपशी जोडलेला होता, आणि घरी राहिल्याने ज्याचे उत्पन्न बुडेल अशा अल्प उत्पन्नाच्या माणसाला पाचशे पौंडांच्या साहाय्याची तरतूद त्याच काळात झाली होती. आमच्याकडे आरंभी यवतमाळचे नमुने तपासणीसाठी नागपूरला पाठवावे लागत. निकाल यायला दिवस लागत असताना संपर्काची सूचना क्षणात देणाऱ्या यंत्राने नेमका कोणता वेळ वाचवला? आणि किलोमागे ठरलेल्या मजुरीवर कापूस वेचणाऱ्या बाईला, तू चौदा दिवस घरात बस, असे तिच्या फोनने सांगितले, तर त्या चौदा दिवसांची ज्वारी तो फोन देणार नाही. आइसलँडचाही अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेथे आरंभीच्या काळातच सुमारे चाळीस टक्के लोकांनी ॲप घेतले, आणि तरीही माग काढणाऱ्या पथकाच्या प्रमुखाने त्याची मदत मर्यादित असल्याचे आणि माणसांनी केलेली चौकशीच मुख्य असल्याचे सांगितले. अवघ्या साडेतीन-पावणेचार लाख लोकांच्या, सुशिक्षित आणि संपन्न देशातली ही कथा.

शिवाय प्रत्येक साथ श्वासावाटे पसरत नाही. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पटकी उद्भवली आणि माणसे दगावली; मूळ होते दूषित विहिरीच्या पाण्यात. तेथे रोग्याच्या शेजारी कोण बसले होते हे जाणून काय निष्पन्न होणार? पाणी कोठून भरले, नळयोजना बंद का होती, लोक उघड्या विहिरीवर का गेले, हे ज्याने विचारले त्यालाच साथीचे उगमस्थान सापडले.

आता या वादाच्या ज्या अंगाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे त्याकडे वळतो. आमच्या वऱ्हाडात गावच्या जन्ममृत्यूची वर्दी देणे हे कोतवालाचे काम असे. त्या नोंदींची दप्तरे 'कोतवाल बुक' या नावाने तहसील कचेऱ्यांत अद्याप आहेत, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक आजही त्यांच्या नकला काढतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता, हे आपल्याला कळते ते अशाच वर्दींमुळे. मृत्यू घडला, कोतवालाने सांगितले, आकडा तालुक्याला गेला, तेथून जिल्ह्याला, तेथून प्रांताच्या स्वच्छता आयुक्ताकडे, आणि त्याचा छापील अहवाल निघाला. माहिती चढत गेली. ज्या गावाने ती दिली त्याच्याकडे मात्र औषध, धान्य किंवा सल्ला यांच्या रूपाने ती परत उतरण्याची वाट त्या व्यवस्थेत जवळजवळ नव्हती. शंभर वर्षांनंतर कागदाच्या जागी पडदा आला आहे. वाटेची दिशा बदलली आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

तो निराधार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने पडू लागले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक प्राण गेले. हा संसर्गजन्य रोग नव्हता, पण लोकसंख्येच्या एका थरात, एका हंगामात, एकाच कारणाने उद्भवलेला तो उद्रेकच होता. केसपेपर लिहिले जात होते, खाटा भरत होत्या. तरीही प्रकरणाला राज्यभर वाचा फुटली ती हंगाम सरत आल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. त्या जुलै-ऑगस्टमध्ये उणीव कोणत्या यंत्राची होती? एका ओळीत दाखल होणाऱ्या रुग्णांकडे एकत्रित पाहून, अमुक तालुक्यांत अमुक मिश्रणाची फवारणी ताबडतोब थांबवा, अशी दवंडी उलट गावाकडे धाडण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नव्हते. ती ठरली असती तर एका साध्या फोनने पुष्कळ घरे वाचली असती. आणि न ठरल्यामुळे उत्तमोत्तम संगणकप्रणालीनेही ती वाचली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरून मी यंत्राचा वैरी आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला; त्यात उपकेंद्राच्या पातळीवरील आरोग्यसेविकेने लक्षणांचा, डॉक्टरने निदानाचा आणि प्रयोगशाळेने तपासणीचा तक्ता दर आठवड्याला भरून पाठवायचा असे. एप्रिल २०२१ मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच देशभर लागू झाला आणि हेच तक्ते संगणकावर, रोजच्या रोज भरण्याची सोय झाली. सात दिवसांनी कळायचे ते त्याच दिवशी कळू शकते, ही फार मोठी सुधारणा आहे आणि तिचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. आफ्रिकेतून तर याहून बोलका दाखला मिळतो. जुलै २०१४ मध्ये नायजेरियातील लागोस या महानगरात इबोलाचा रोगी विमानाने उतरला. साऱ्या जगाचा थरकाप झाला. पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा तेथील शासनाने त्या कामाकडे वळवली, सुमारे नऊशे संपर्क शोधले गेले, त्यांच्या घरी मिळून साडेअठरा हजार फेऱ्या झाल्या, आणि वीस रुग्णांवर ती साथ संपली. त्या फेऱ्या करणाऱ्यांच्या हाती मोबाइल होते आणि रोजचे तापमान ते त्यावरूनच कळवीत. म्हणजे साधन माग काढणाऱ्याचे होते, माग काढणाऱ्याच्या ऐवजी नव्हते. माझ्या साऱ्या विवेचनाचा रोख या एका भेदावर आहे. आशाताईच्या फोनवर तिने भरलेली नोंद पुन्हा तिलाच दिसावी. शेजारच्या तीन गावांत याच आठवड्यात तापाचे किती रुग्ण नोंदले गेले हे तिला कळावे. तिने पाठवलेल्या नमुन्याचा निकाल तालुक्याला कळतो त्याच क्षणी तिलाही कळावा. तिचा प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्याने किती तासांत निकालात काढला याची नोंद व्हावी. जाळे नसलेल्या पोडावर नोंद फोनमध्येच थांबावी आणि उपकेंद्रात आल्यावर आपोआप पुढे जावी. आणि कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरात ऐकवण्याजोगी सूचना त्या त्या बोलीत ध्वनिमुद्रित असावी. यांतले एकही काम आजच्या तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

खाजगीपणाचा आक्षेप हा शहरी सुशिक्षितांचा चोचला आहे, खेड्यातील माणसाला त्याचे सोयरसुतक नाही, असेही या वादात म्हटले जाते, आणि ते मला सर्वांत अनुदार वाटते. १८९७ च्या प्लेगात, त्याच वर्षी झालेल्या साथरोग कायद्याच्या बळावर, पुण्यात घरे धुंडाळली गेली तेव्हा लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली. सक्तीने उजेडात येण्याऐवजी रोग अंधारात गेला. मार्च २०२० मध्ये पहिल्या रुग्णांची नावे समाजमाध्यमांवर फिरली आणि विलगीकरणातल्या लोकांच्या हातांवर शिक्के मारले गेले, तेव्हा लहान गावातील माणसाने काय बोध घेतला असेल याची कल्पना करावी. मोठ्या शहरात नाव फुटले तर माणूस गर्दीत हरवतो. दोनशे उंबऱ्यांच्या गावात त्याचे दूध कोणी घेत नाही आणि त्याच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने साथीच्या काळात आरोग्यसेवेसाठी संमतीवाचून माहिती हाताळण्याची मुभा दिली आहे. ती मुभा आवश्यक असेल; पण माहिती कोणत्या तारखेस नष्ट होईल आणि पोलीस खात्याला ती मिळणार नाही, या दोन अटी प्रत्येक साथीच्या अधिसूचनेत लिहिल्या गेल्या पाहिजेत. सिंगापूरसारख्या शिस्तबद्ध राष्ट्रात माहिती केवळ संपर्क-शोधासाठी आहे असे आधी सांगितले गेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनाही ती घेता येते हे उघड झाल्यावर तेथील लोकही क्षुब्ध झाले.

उरला खर्चाचा मुद्दा. माणसे महाग आणि ॲप स्वस्त, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मांडणाऱ्यांनी जून २०२१ आठवावा. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि राज्यभरातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. वर्षभर त्यांनी कोरोनासाठी घरोघर फिरावे आणि त्या कामाचा वाढीव मोबदला महिन्याला हजार रुपयांच्या घरात असावा, यात स्वस्ताई खरी कोणाच्या श्रमावर उभी होती हे दिसते. पुढच्या साथीसाठी अंदाजपत्रकात तंत्रज्ञानाच्या सदरात रक्कम धरली जाईल तेव्हा तिच्यातील पहिला हिस्सा आशा आणि गटप्रवर्तकांच्या निश्चित मासिक वेतनासाठी, त्यांच्या फोनच्या रिचार्जसाठी आणि अलग राहणाऱ्या मजुराच्या बुडीत मजुरीसाठी राखून ठेवावा, आणि उरलेल्या रकमेत जे ॲप तयार होईल ते तयार करावे. त्याची पहिली चाचणी मंत्रालयात न घेता झरी-जामणीच्या एखाद्या उपकेंद्रात, पावसाळ्यात, वीज गेलेली असताना घ्यावी, आणि ते चालते की नाही याचा शेरा तेथील आशाताईने लिहावा.